‘मँडरिन’चे रूपांतर : एक खलनायक आणि त्याचे रसिक

लोकप्रिय कथावाङ्मयात नायकापेक्षा खलनायकाचे स्वरूप अधिक स्थिर असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नायक काळाप्रमाणे बदलतो, त्याचे शत्रू मात्र पुराणातील राक्षसांप्रमाणे आपल्या जागी उभे राहतात असे वाचकास वाटते. या समजुतीस २०१३ मध्ये मोठा धक्का बसला. त्या वर्षी ‘आयर्न मॅन’ या अमेरिकन महानायकाच्या चित्रपटमालिकेतील तिसरा भाग प्रदर्शित झाला आणि चित्रकथांत सुमारे अर्धशतक वावरणारा त्याचा प्रमुख वैरी, मँडरिन, हा प्रत्यक्षात एक भाडोत्री नट असल्याचे त्यात दाखविण्यात आले. चित्रपटाने जगभर १२० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले, तरी जुन्या वाचकांपैकी अनेकांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. मूळ पात्राची विटंबना झाली, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. ही तक्रार कितपत युक्त होती हे ठरविण्यासाठी ते ‘मूळ’ कोणते, हे प्रथम पाहणे आवश्यक ठरते.

आरंभ नावापासूनच करावा लागतो. ‘मँडरिन’ हा शब्द चिनी नव्हे. संस्कृत ‘मंत्रिन्’ या शब्दापासून मलय भाषेत ‘मंतेरी’ हे रूप झाले. पूर्वेकडील समुद्रांत व्यापार करणाऱ्या पोर्तुगीजांनी ते उचलून चिनी अधिकाऱ्यांस लावले, आणि पोर्तुगीजांकडून ते युरोपातील इतर भाषांत गेले. मराठी वाचकाच्या ‘मंत्री’ या नित्याच्या शब्दाचाच हा दूरचा भाऊ होय. म्हणजे ज्या नावाने हा खलनायक अस्सल चिनी म्हणून मिरवतो, ते नाव चीनच्या बाहेरील लोकांनी चीनकडे पाहताना वापरलेले आहे. पात्राच्या पुढील सर्व इतिहासाचे बीज या एका गोष्टीत सापडते.

पात्राची साहित्यिक वंशावळही अशीच बाहेरची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत ‘पीत संकट’ ही कल्पना प्रसृत झाली. अमेरिकेने १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांच्या प्रवेशास बंदी घातली होती. ती १९४३ पर्यंत उठली नाही. या वातावरणात सॅक्स रोमर या इंग्रज लेखकाची फू मांचूविषयीची पहिली कादंबरी १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली. विद्वान, निर्दय, पाश्चात्त्य शास्त्रांत पारंगत आणि तरीही पाश्चात्त्यांचा द्वेष्टा असा हा चिनी डॉक्टर पुढील कित्येक खलनायकांचा पूर्वज ठरला. चित्रपटांत त्याची भूमिका १९२९ मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेल्या वॉर्नर ओलंड यांनी, १९३२ मध्ये बोरिस कार्लॉफ यांनी आणि १९६५ पासून ख्रिस्टोफर ली यांनी केली. यांपैकी एकही नट चिनी नव्हता. रंगरंगोटीच्या साहाय्याने श्वेतवर्णीय नटाने चिनी दुष्टाचे सोंग आणावयाचे, ही या भूमिकेची परंपराच होती.

‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ या चित्रकथामासिकाच्या ५० व्या अंकात, फेब्रुवारी १९६४ या अंकतारखेने, मँडरिन प्रथम अवतरला. लेखक स्टॅन ली व चित्रकार डॉन हेक हे त्याचे जनक. आयर्न मॅनचा जन्म त्याच मासिकात वर्षभरापूर्वी झाला होता. टोनी स्टार्क हा शस्त्रास्त्रांचा कारखानदार व्हिएतनाममध्ये गनिमांच्या हाती सापडतो आणि सुटकेसाठी पोलादी चिलखत घडवितो, ही त्याची जन्मकथा. शीतयुद्धाच्या या कथेला आशियाई प्रतिस्पर्धी हवा होता. मँडरिनच्या दहा बोटांतील दहा अंगठ्या ही त्याची शक्ती, आणि ती एका परग्रहावरील यानातून लाभलेली. येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. हा खलनायक साम्यवादी चीनचा प्रतिनिधी नव्हता. तो जुन्या सरंजामी वैभवाचा वारस होता आणि साम्यवादी राज्यकर्त्यांस तुच्छ लेखीत असे. तत्कालीन राजकीय भीतीला फू मांचूच्या काळातील जुना अंगरखा चढवून तो तयार केला गेला होता.

यानंतरच्या दशकांत पात्र स्थिर राहिले, असेही नाही. अमेरिका व चीन यांचे संबंध बदलले तसतशी त्याची भाषा, वेश आणि उद्दिष्टे बदलत गेली. मॅट फ्रॅक्शन यांनी २०१० मध्ये लिहिलेल्या एका वार्षिकांकात मँडरिन एका चित्रपटदिग्दर्शकाचे अपहरण करून आपले चरित्र पडद्यावर आणविण्याचा हट्ट धरतो. पण त्याने सांगितलेली भव्य जन्मकथा आणि वास्तव यांत मेळ नाही हे दिग्दर्शकास कळून चुकते. म्हणजे चित्रपटाने शंका उपस्थित करण्यापूर्वी तीन वर्षे चित्रकथेनेच या ‘मूळ’ कथेविषयी शंका घेतली होती.

चित्रपटमालिकेपुढील अडचण यामुळे स्पष्ट होते. २००८ च्या पहिल्या चित्रपटात व्हिएतनामची जागा अफगाणिस्तानने घेतली आणि मँडरिनऐवजी ‘टेन रिंग्ज’ नावाची सशस्त्र टोळी आली. त्या नावाने जाणत्या प्रेक्षकास एक वचनच दिले गेले होते. तिसऱ्या चित्रपटाच्या जाहिरातींनी ते अधिक दृढ केले. बेन किंग्जले यांचा धीरगंभीर आवाज, लांब दाढी, चिनी वळणाचा झगा, बोटांतील अंगठ्या, हे सर्व पाहून प्रतीक्षा फळास आली असे रसिकांस वाटले. किंग्जले यांचे जन्मनाव कृष्णा पंडित भांजी. पित्याकडून ते गुजराती वंशाचे. १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटातील भूमिकेमुळे त्यांची योग्यता सर्वज्ञात होती.

चित्रपटाच्या उत्तरार्धात मात्र टोनी स्टार्क शत्रूच्या मायामीतील निवासात शिरतो तेव्हा त्यास भेटतो तो ट्रेव्हर स्लॅटरी नावाचा व्यसनी, भित्रा इंग्रज नट. खरा सूत्रधार आहे ऑल्ड्रिच किलियन हा अमेरिकन शास्त्रज्ञ-उद्योजक. आपल्या सदोष प्रयोगांतून होणारे स्फोट झाकण्यासाठी त्याने लोकांच्या मनातील भीतीला साजेसा एक दहशतवादी निर्माण केलेला असतो. दिग्दर्शक शेन ब्लॅक व सहलेखक ड्रू पिअर्स यांची ही रचना होती, आणि फू मांचूच्या धर्तीचे वंशद्वेषी व्यंगचित्र टाळावयाचे हा तिच्यामागील एक हेतू होता.

रसिकांचे आक्षेप एकजिनसी नव्हते. त्यांचे तीन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग निष्ठेचा. ज्या शत्रूशी नायकाने पन्नास वर्षे झुंज दिली त्याला विदूषक करणे म्हणजे त्या झुंजीचाच उपहास, असे या वर्गाचे म्हणणे होते. दुसरा आक्षेप जाहिरातींविषयीचा. जे देण्याचा उद्देशच नव्हता ते दाखवून प्रेक्षकांस चित्रपटगृहात ओढले, अशी ती तक्रार होती. तिसरा आक्षेप सर्वांत मार्मिक. व्यंगचित्र टाळण्याच्या नावाखाली आशियाई पात्रच नाहीसे झाले आणि त्याची जागा पुनः एका श्वेतवर्णीयाने घेतली; व्यंगचित्रावर खरा उपाय सखोल, सन्मान्य आशियाई पात्र निर्माण करणे हा होता, त्याचे उच्चाटन हा नव्हे.

केवळ बदल झाला म्हणून रसिक संतापतात, हे उत्तर पुरेसे नाही, हे दुसऱ्या एका उदाहरणाने सिद्ध होते. बॅटमनच्या कथांतील रास अल घुल हा १९७१ मध्ये निर्माण झालेला खलनायक. २००५ च्या ‘बॅटमन बिगिन्स’ या चित्रपटात केन वातानाबे या जपानी नटाने साकारलेला रास अल घुल हा तोतया ठरतो आणि खरा रास म्हणजे लियम नीसन यांनी साकारलेला गुरू, असे अखेरीस उघड होते. युक्ती तीच, तथापि तिच्यावर एवढे वादळ उठले नाही. कारण तोतयाच्या मागे उभा असलेला खरा खलनायक तितकाच भारदस्त होता. पात्राचे नाव दुसऱ्याकडे गेले, पण प्रतिष्ठा अबाधित राहिली. २०१३ मध्ये किलियन शेवटी स्वतःस मँडरिन म्हणवितो खरा, परंतु ती प्रतिष्ठा त्याच्या वाट्यास येत नाही. रसिकांचा रोष नायकाच्या शत्रूची योग्यता कमी झाल्याचा होता. कारण शत्रूच्या योग्यतेवरूनच नायकाची योग्यता मोजली जाते.

चित्रपटाच्या बाजूनेही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. रंगवलेल्या नटाने आशियाई दुष्टाचे सोंग करण्याची जी परंपरा ओलंड-कार्लॉफ यांच्यापासून चालत आली होती, ती या चित्रपटाने उघडी पाडली. पडद्यावरील भीतीच्या मागे नट, नटाच्या मागे व्यापारी, असा हा क्रम आहे. या दृष्टीने पाहता स्लॅटरी हा मँडरिनचा विपर्यास नसून त्याच्या इतिहासाचे भाष्य ठरतो. परंतु व्यापाराच्या या टीकेतून खुद्द चित्रपटही सुटला नव्हता. चीनमधील प्रदर्शनासाठी चिनी नटनटींचे जादा प्रसंग घालून वेगळी आवृत्ती काढण्यात आली. खरी खलनायिका प्रथम एक स्त्री योजिली होती, पण स्त्री-पात्राची खेळणी खपणार नाहीत या विचाराने तो बेत बदलावा लागला, असे स्वतः ब्लॅक यांनी २०१६ मध्ये सांगितले. रसिकांच्या निष्ठेप्रमाणेच खेळण्यांचा बाजारही खलनायकाचे रूप ठरवीत होता.

रोषाचा परिणाम लवकरच दिसून आला. २०१४ मध्ये पिअर्स यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘ऑल हेल द किंग’ या लघुपटात, तुरुंगातील स्लॅटरीला खरा मँडरिन अस्तित्वात असल्याचे कळते. त्याची पूर्तता २०२१ च्या ‘शांग-ची’ चित्रपटात झाली. शांग-ची हा १९७३ मध्ये चित्रकथांत आला तो फू मांचूचा पुत्र म्हणून. चित्रपटात त्यास वेनवू नावाचा नवा पिता मिळाला. हाँगकाँगचे टोनी लेउंग यांनी साकारलेला हा वेनवू पत्नीच्या वियोगाने व्यथित झालेला, करारी आणि प्रेमळ पुरुष आहे. दहा अंगठ्यांच्या जागी हातांत दहा कडी आली. ‘मँडरिन’ हे नाव तर तो स्वतःच हसून नाकारतो. इतके करूनही हा चित्रपट चीनच्या मुख्य भूमीवरील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला नाही, हा इतिहासाचा उपरोध होय.

या साऱ्या घटनाक्रमावरून असे दिसते की, ज्यास रसिक ‘मूळ’ म्हणत होते ते स्वतःच एका जुन्या प्रतिमेची प्रत होते, आणि तिचा उगम चीनमध्ये नसून चीनविषयीच्या भीतीत होता. म्हणून निष्ठेचा आक्षेप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. तिसरा आक्षेप मात्र टिकतो, आणि वेनवूच्या निर्मितीने त्याची सत्यता चित्रपटकर्त्यांनीही एक प्रकारे मान्य केली. जुनी प्रतिमा मोडणे हे अर्धेच कार्य असते. तिच्या जागी माणूस उभा करणे हे उरलेले अर्धे. त्या दोहोंमध्ये येथे आठ वर्षे गेली. लोकप्रिय कलाकृतींचा अभ्यास करणाऱ्याने रसिकांचा संताप केवळ हट्ट म्हणून बाजूस सारू नये, तसाच तो पुरावा म्हणून जसाच्या तसाही स्वीकारू नये. त्या संतापात कोणती मागणी जुनी प्रतिमा जपण्याची आहे आणि कोणती न्यायाची, हे वेगळे करून पाहणे हेच त्याचे काम आहे.