खडकाआड स्थाननिश्चिती : क्षीण रेडिओ संकेतांचे शास्त्र

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचे रेडिओ संकेत पृथ्वीवर पोहोचेपर्यंत इतके क्षीण होतात की जाड खडक त्यांना सहज अडवतो. लेण्याद्री येथील गिरिजात्मजाचे सातवे लेणे घ्या. त्याच्या खांबविरहित दालनाच्या तीन बाजूंना 20 खोल्या कोरलेल्या आहेत. दर्शनार्थी यांपैकी कोणत्या खोलीपाशी उभा आहे, हे सांगण्यास उपग्रह असमर्थ ठरतो.

अशा बंदिस्त जागी जवळपास बसवलेल्या छोट्या प्रक्षेपकांचा आधार घेतात. त्याच्या प्रमुख पद्धती तीन. पहिलीत संकेताच्या तीव्रतेवरून अंतर ताडले जाते. ती स्वस्त आहे. परंतु भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या लहरी आणि गर्दी यांमुळे काही मीटरची चूक होते. दुसरीत संकेताला लागलेला वेळ मोजतात. सेकंदाच्या अब्जाव्या भागात लहर सुमारे 30 सेंटिमीटर जाते. म्हणून 'अल्ट्रा वाइडबँड' तंत्रात अत्यंत आखूड स्पंद वापरतात. तिसरीत शेजारशेजारच्या अँटेनांवर पोहोचलेल्या लहरीच्या कलेतील, म्हणजे तिच्या चढउताराच्या अवस्थेतील, फरकावरून दिशा काढतात. ब्लूटूथच्या 2019 मधील 5.1 आवृत्तीत ही सोय आली.

हे तिसरे तत्त्व जुन्नर तालुक्याला नवे नाही. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली खोडद येथे उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण त्यावरच चालते. सुमारे 25 किलोमीटर परिसरात विखुरलेल्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांवरील लहरींची तुलना करून ती आकाशस्थ स्रोतांची जागा ठरवते. 19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपीय 'शियापरेली' यानाचा अवघ्या काही वॅटचा संकेत तिने 17 कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावरून टिपला. ते यान पुढे कोसळले. मात्र संकेताच्या वारंवारतेतील बदलावरून त्याच्या अवतरणाचा माग काढता आला.

तात्पर्य, अचूकता प्रक्षेपकाच्या शक्तीपेक्षा मोजणीच्या काटेकोरपणावर अधिक अवलंबून असते. क्षणभर संकेत पाठवून उरलेला वेळ निद्रिस्त राहणारा प्रक्षेपक लहानशा बॅटरीवर दीर्घकाळ चालतो. लेण्याद्रीसारख्या संरक्षित स्मारकात त्यासाठी तारा ओढाव्या लागत नाहीत की खडकाला भोके पाडावी लागत नाहीत. शिवाय खोडदच्या दुर्बिणीला भोवताली रेडिओ शांतता हवी असते. या परिसरात कमी शक्तीचा आग्रह त्यामुळे दुहेरी मोलाचा ठरतो.