बाबा, हा मासा इथे कोणी आणला?

तर मंडळी, मागच्या शनिवारी आम्ही मुळशीच्या पाण्यावर मासे धरायला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझी सहा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा भाचा. दोघांचीही पहिलीच वेळ. माझी दुसरी, पण ते त्यांना सांगितलं नाही. बरोबर तिथल्या गावातले ओळखीचे मामा होते म्हणून निभावलं. त्यांनी दोन बारीक बांबू आणले, तंगूस बांधला, थर्माकोलचा तुकडा अडकवला आणि मुलं आहेत म्हणून गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला. बोटात रुतला तर सहज निघावा म्हणून. चारा म्हणजे घरून नेलेली कणीक. ती मळताना दोघांनी एकमेकांच्या केसांना किती लावली ते विचारू नका.

कणकेवरून एक आठवलं. कल्याणीचा (आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा जाडजूड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्य कसं चालवावं इथपासून स्वयंपाक, संगीत, कुस्ती इथपर्यंत सगळं त्यात आहे. कांडताना बायका ओव्या गातात याची नोंद त्यातच सापडते, त्यामुळे मराठीच्या अभ्यासकांना तो माहीत असतो. पण त्यात 'मत्स्यविनोद' असंही एक प्रकरण आहे हे आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही! राजाने गळाने मासे कसे धरावेत, सुमारे पस्तीस जातींपैकी कोणत्या माशाला आधी काय खायला घालून त्या जागेची सवय लावावी, याची पद्धतशीर माहिती आहे. डॉ. सुंदरलाल होरा या मत्स्यतज्ज्ञांनी १९५१ साली त्यावर लेख लिहिला. म्हणजे कणकेचे गोळे टाकून वाट बघत बसणं हा आपल्याकडे किमान नऊशे वर्षांचा जुना उद्योग आहे. असो.

चाळीस मिनिटं काहीच नाही. भाचा दगड मारायला लागला होता. आणि मग मुलीचं थर्माकोल बुडालं. किंचाळणं, ओढाओढी, आणि काठावर तळहाताएवढा एक मासा उड्या मारतोय. मामा म्हणाले, "चिलापी."

मुलगी आधी नाचली, मग माशाचं तोंड उघडमीट होताना बघून रडायला लागली. "याला सोडा." सोडला. मामांना हसू आवरेना, कारण त्यांच्या लेखी ते कालवण होतं. परतीच्या वाटेवर गाडीत तिने विचारलं, "बाबा, हा मासा इथे कोणी आणला?" मी म्हटलं, अगं मासे काही कोणी आणत नाही, ते असतातच पाण्यात.

चूक. साफ चूक. रात्री वाचायला बसलो तेव्हा कळलं की तिचाच प्रश्न बरोबर होता.

चिलापी म्हणजे तिलापिया. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला. स्वस्त प्रथिनं मिळावीत हा हेतू. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते (हे मुलीला सांगितल्यावर ती अर्धा तास गाल फुगवून फिरत होती), त्यामुळे पिल्लं जगतात भरपूर, आणि बघता बघता तलावंच्या तलाव याच माशाने भरतात. तळ्यांमधले रोहू, कटला तरी आपले ना? तेही मूळचे उत्तरेच्या मोठ्या नद्यांचे. पूर्वी त्यांचं बीज पुराच्या वेळी नदीतून गोळा करावं लागे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांना तळ्यात अंडी घालायला लावलं, आणि मग बीज कुठेही नेता येऊ लागलं.

आणि ते तळं? तेही 'असतंच' असं नाही. मुळशीचं पाणी टाटांच्या वीजप्रकल्पासाठी अडवलं गेलं. त्याविरुद्ध एप्रिल १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्यातूनच पुढे आले, आणि १९२४ पर्यंत लढा टिकवूनही शेवटी गावं पाण्याखाली गेलीच. आम्ही ज्या पाण्यात कणीक टाकत होतो त्याच्या तळाशी कोणाची तरी भातखाचरं आहेत. हे अजून मुलीला सांगितलेलं नाही. कसं सांगायचं तेच कळत नाही.

मग इथला मूळचा मासा कोणता? तर खरे इथले बरेच आहेत, पण त्यातला राजा म्हणजे खडस, महसीरचा दख्खनी भाऊ, निळसर परांचा. कर्नल साइक्स हा कंपनीचा अधिकारी मुंबई इलाख्याची आकडेवारी जमवत दख्खनभर फिरला आणि जाता जाता पक्षी, मासे सगळं नोंदवत गेला. मुळा-मुठेतल्या या माशाचं वर्णन त्याने १८३९ साली प्रसिद्ध केलं आणि शास्त्रीय नावात इथलंच नाव ठेवलं: 'खुद्री'. आज त्या नदीत पुण्यात कोण राहू शकतं ते आपल्याला माहीत आहे.

हा मासा अंडी घालायला वाहत्या पाण्यात, खडीच्या जागी वर चढतो. धरण आलं की वाट बंद. पण गंमत बघा, ज्या टाटांनी धरणं बांधली त्यांनीच सत्तरच्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला महसीरचं बीजोत्पादन केंद्र चालवलं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी खडसाची अंडी हाताने काढून फलित करण्याची पद्धत बसवली. ओल्या कापसात गुंडाळली तर ती विमानाने पाठवता येतात हेही त्यांनी दाखवलं. लाखोंनी पिल्लं तयार झाली आणि देशभर गेली.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण ती पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता, केशरी परांचा, पाठीला उंचवटा असलेला, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. त्याची नेमकी शास्त्रीय ओळख पटायलाच २०१८ साल उजाडलं (टॉर रेमादेवी), आणि तोवर तो नामशेष व्हायच्या काठावर पोचला होता. धरणं, वाळूउपसा, सुरुंग ही कारणं आहेतच, पण आपला वाढता खडस हेही एक कारण अभ्यासक धरतात. आमच्या धंद्यात एका सर्व्हरवर छान चाललेला पॅच न तपासता दुसरीकडे टाकला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. फरक एवढाच की नदीचा बॅकअप नसतो.

कोणाचा हेतू वाईट नव्हता, हे मला सारखं टोचतं. तिलापिया भुकेसाठी आणला, खडस वाचवण्यासाठी नेला. आणि आम्ही चिलापी परत पाण्यात सोडली ती दयेपोटी. मामांनी खाल्ली असती तर तळ्यातल्या लहानसहान देशी माशांचं थोडं भलंच झालं असतं. पण सहा वर्षांच्या मुलीला "तो परदेशी आहे, मारून टाक" असं मी तरी सांगू शकत नाही. तुमच्यापैकी कोणी सांगितलं असेल तर कसं सांगितलंत ते जरूर कळवा.

तिला एवढंच म्हटलं की हा मासा लांबून, आफ्रिकेतून, माणसांनीच आणला. तिने थोडा वेळ विचार केला. "मग इथला मासा कुठे बघायला मिळेल?"

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड म्हणून एक डोह आहे. तिथले महसीर देवीचे मानतात आणि कोणी धरत नाही. लोक चुरमुरे टाकतात, मासे वर येतात. पाऊस ओसरला की तिकडे जायचं ठरलंय. यावेळी गळ घरी राहणार. कणीक मळायचं काम मात्र भाच्याने आत्ताच बुक केलंय.