उशीर झाला म्हणून नव्हे

दुसऱ्या महायुद्धाच्या हौशी अभ्यासकांत एक मत जवळजवळ सिद्धान्तासारखं चालतं. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँकचं 'टीए १५२ एच' हे अतिउंचीवरचं पंख्याचं लढाऊ विमान वर्षभर आधी आलं असतं, तर जर्मनीच्या आकाशातलं चित्र पालटलं असतं! आपल्याकडे या मताला शेपूटही जोडलेलं आहे: तोच टँक १९५६ मध्ये बंगळूरला आला, त्याने 'मरुत' हे लढाऊ विमान घडवलं, आणि आपल्या करंटेपणाने तेही वाया गेलं. दोन्हीकडे प्रतिभा सज्ज, फक्त दैव आडवं आलं. मला हे मान्य नाही.

पूर्वपक्ष कच्चा नाही, हे आधी म्हटलं पाहिजे. १४.४४ मीटर लांब पंख, दाब राखणारी हवाबंद कॉकपिट, दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं युमो २१३ ई इंजिन आणि साडेबारा हजार मीटरवर ताशी सुमारे ७५० किलोमीटर वेग. १९४४ च्या अखेरीस टँक स्वतः हे विमान चालवत असताना अमेरिकी मस्टँग विमानं त्याच्या मागे लागली. त्याने इंजिनात पाणी-मिथेनॉल सोडलं आणि त्यांना मागे टाकलं. ही हकिकत त्यानेच सांगितलेली आहे, आणि ती खोटी मानायचं कारण नाही. पण निसटता येणं वेगळं आणि आकाश ताब्यात ठेवणं वेगळं.

खरा प्रश्न हवेचा आहे. नवी मुंबईत उलव्याच्या विमानतळावर, म्हणजे समुद्रसपाटीला, हवेची जी घनता असते, तिचा चौथा हिस्साही साडेबारा हजार मीटरवर उरत नाही. तिथे इंजिनाचा जीव गुदमरतो. विरळ हवेत तरंगण्यासाठी लांब पंख लागतात. ते टँकने दिले, आणि उत्तम दिले. पण इंजिनाला हवा दाबून पुरवायची, तर सर्वांत काटकसरीचा मार्ग टर्बोचा: इंजिनाच्याच धुरावर फिरणारी चक्की. टँकच्या कारखान्याने तोही करून पाहिला होता. 'एफडब्ल्यू १९० सी'च्या एका नमुन्याच्या पोटाखाली टर्बोची एवढी मोठी पिशवी लोंबत होती, की त्याचं नाव 'कांगारू' पडलं. ते प्रकरण तडीस गेलं नाही. तापलेल्या धुरात फिरणाऱ्या पात्यांना निकेलसारख्या धातूंचे मिश्रधातू लागतात, आणि कोंडीत सापडलेल्या जर्मनीत त्यांचाच दुष्काळ होता. मग हवेची उणीव भरून काढायला टीए १५२ मध्ये नायट्रस ऑक्साइडची टाकी आली. दंतवैद्य वापरतात तोच वायू! टाकी रिकामी झाली की वरच्या हवेतली मिजासही संपली.

याच काळात अमेरिकेचं थंडरबोल्ट जनरल इलेक्ट्रिकचा टर्बो पोटात घेऊन १९४३ पासून युरोपवर लढत होतं. ती विमानं एकूण पंधरा हजारांहून अधिक बांधली गेली. म्हणजे टँकचं विमान वर्षभर आधी यायचं, तर आधी धातू यायला हवा होता, आणि इंधनही. १९४४ च्या मे महिन्यापासून कृत्रिम पेट्रोलच्या कारखान्यांवर बाँब पडू लागल्यावर जर्मनीत विमानं होती, पण ती उडवायला तेल नव्हतं.

शिवाय तेवढ्या उंचीवर लढायचं कोणाशी? जर्मनीवर येणारे अमेरिकी बाँबफेकी साधारण सात-आठ हजार मीटरवरून येत. ज्याची धास्ती होती, ते बी-२९ बाँबफेकी विमान युरोपात लढायला आलंच नाही. ब्रिटिशांच्या वेस्टलँड वेल्किनचंही असंच झालं: ज्या उंच उडणाऱ्या जर्मन विमानांसाठी ते बांधलं, त्यांचा धोका ओसरला आणि ते एकाही लढाऊ स्क्वाड्रनला मिळालं नाही. टीए १५२ ची सर्वांत गाजलेली झुंज १४ एप्रिल १९४५ ची, लुडविग्सलुस्टजवळ ब्रिटिश टेम्पेस्टशी. ती झाली झाडांच्या शेंड्यांलगत.

आता मरुत. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते प्रथम उडवलं. अपेक्षा ध्वनीच्या दुप्पट वेगाची होती. त्यासाठी हवं असलेलं ऑर्फियस १२ इंजिन ब्रिटनमध्ये अर्ध्यावर राहिलं. ते पुरं करण्यासाठी पैसा घालायला आपण तयार झालो नाही. इथे करंटेपणाचा आरोप मी मान्य करतो, पण तो पूर्वपक्षाच्या नव्हे, माझ्या बाजूचा पुरावा आहे. जुन्या ऑर्फियस ७०३ च्या जोडीवर त्या देखण्या सांगाड्याने सपाट उड्डाणात ध्वनीचा वेग कधीच ओलांडला नाही. १९७१ मध्ये लोंगेवाल्याच्या लढाईत मरुतने चांगलं काम केलं, तेही जमिनीलगत उडून, जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करत.

एकाच रचनाकाराची दोन विमानं, दोन देश, दोन काळ, आणि दोन्ही वेळा मर्यादा घातली ती इंजिनाने, त्यामागच्या धातूने, तेलाने आणि पैशाने. प्रतिभा कमी पडली नाही. ती एकटी पुरेशी नव्हती.

आजही हिशेब फारसा बदललेला नाही. नाशिकजवळ ओझरला १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क १ए ने उड्डाण केलं. त्यातलं इंजिन जनरल इलेक्ट्रिकचं आहे.