नाशिकरोडच्या नोटा

परराष्ट्र धोरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दिल्ली येते, करारमदार येतात. या धोरणाचा एक धागा आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यातूनही गेला आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. 1928 पासून इथे नोटा छापल्या जातात.

फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे ना नोटांचा छापखाना होता, ना मध्यवर्ती बँक. काही काळ रिझर्व्ह बँकेनेच दोघांचे काम पाहावे असे ठरले. तिचे गव्हर्नर होते कुलाबा जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख. 1 एप्रिल 1948 पासून पाकिस्तानात ज्या नोटा चालू झाल्या, त्या नाशिकला छापलेल्या होत्या. नोट भारताचीच, त्यावर इंग्रजीत पाकिस्तान सरकारचे नाव आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’, एवढीच भर. आणि हे केव्हा? काश्मिरात लढाई पेटलेली असताना!

त्याच लढाईपायी पाकिस्तानच्या वाट्याच्या 75 कोटींपैकी उरलेले 55 कोटी अडवून धरले गेले होते. गांधीजींचे उपोषण 13 जानेवारीला सुरू झाले आणि 15 तारखेला सरकारने ती रक्कम देण्याचे जाहीर केले. या 55 कोटींवरून आजवर केवढा गदारोळ झाला, आणि त्याचे शिंतोडे आपल्याही अंगावर उडाले. नाशिकच्या नोटांबद्दल मात्र कुणी ब्र काढत नाही. वैर असतानाही शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळता येतो, याचा याहून रोकडा पुरावा आम्हाला तरी माहीत नाही. 1 जुलै 1948 ला पाकिस्तानची स्टेट बँक सुरू झाली आणि ही व्यवस्था संपली.

दुसरी कहाणी आखाताची. कुवेत, बहरीन, कतर, दुबई, मस्कत इथे तेव्हा भारताचाच रुपया चाले. पण त्या रुपयांवर सोन्याची चोरटी आयात फोफावली आणि परकीय चलनाला गळती लागली. म्हणून 1959 मध्ये आखातासाठी निराळ्या रंगाच्या, केवळ देशाबाहेर चालणाऱ्या नोटा निघाल्या. हाजींचीही सोय पाहिली गेली: 10 आणि 100 रुपयांच्या नोटांवर चक्क ‘हज’ असे छापले गेले. त्या देऊन सौदीत रियाल घेता येत.

कुवेतने 1961 मध्ये आणि बहरीनने 1965 मध्ये आपला दिनार काढला. 6 जून 1966 ला रुपयाचे अवमूल्यन झाले; डॉलरला 4.76 ऐवजी 7.50 रुपये पडू लागले. कतर, दुबईनेही मग रुपया सोडला. ओमानात तो 1970 पर्यंत टिकला.

हजची नोट आता संग्राहकांकडेच दिसते. कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत, एहरामच्या घडीत एखादी राहिली असेल तर जरूर पाहावी. तिच्या क्रमांकाआधी ‘एच ए’ ही इंग्रजी अक्षरे असतात.