शब्दसंग्रह आणि त्याचा वाचक: शुद्धलेखन-तपासकाच्या कोशाची ऐतिहासिक मीमांसा

संगणकावर लेखन करणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. लेखनप्रणालीची नवी आवृत्ती बसविली, की पूर्वी बिनचूक ठरणाऱ्या शब्दांखाली तांबड्या रेघा उमटू लागतात. किंवा रेघाच उमटेनाशा होतात आणि चुकाही निमूटपणे खपून जातात. तक्रारकर्ता म्हणतो, ‘कोश नाहीसा झाला.’ प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, अशा प्रसंगी कोश बहुधा नाहीसा झालेला नसतो. कोश आणि त्याचा वाचक असलेली प्रणाली यांच्यातील संकेत मोडलेला असतो. हा संकेत कसकसा घडत गेला हे पाहिल्यावाचून तो कोठे मोडला हे कळत नाही, आणि ते न कळता केलेले साहाय्य निष्फळ ठरते.

(१) संकेताची घडण

या साधनाचा प्रारंभ शुद्धलेखनाच्या चिंतेतून झाला नाही. १९६१ साली एमआयटीमध्ये लेस अर्नेस्ट यांनी जोडाक्षरी इंग्रजी हस्ताक्षर ओळखणाऱ्या प्रणालीस १०,००० शब्दांची यादी जोडली. अक्षर संदिग्ध असेल तेव्हा यादीत सापडणारा शब्द ग्राह्य धरावा, एवढाच तिचा हेतू होता. १९७१ मध्ये स्टॅनफर्ड येथे राल्फ गोरिन यांनी ‘स्पेल’ ही प्रणाली रचली. एखादे अक्षर बदलून, गाळून, वाढवून किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल करून ती योग्य शब्द सुचवीत असे. आजच्या तपासकांच्या सूचनांमागे हीच युक्ती मूलतः आहे.

पुढचा प्रश्न जागेचा होता. बेल प्रयोगशाळेत डग मॅकिलरॉय यांना सुमारे ३०,००० शब्द ६४ किलोबाइटच्या मर्यादेत बसवावयाचे होते. त्यासाठी त्यांनी उपसर्ग-प्रत्यय सोडवून मूळ शब्दच तेवढे ठेवण्याचा मार्ग अवलंबिला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा क्षण महत्त्वाचा आहे. येथे कोश केवळ यादी राहिला नाही. यादी अधिक रूपसाधनेचे नियम असे त्याचे द्विदल स्वरूप झाले. ‘आयस्पेल’ आणि तद्नंतर ओपनऑफिससाठी केव्हिन हेन्ड्रिक्स यांनी रचलेला ‘मायस्पेल’ यांनी हीच दोन दले दोन स्वतंत्र धारिकांत ठेवली. एका धारिकेत शब्द आणि प्रत्येकापुढे खुणेची अक्षरे. दुसरीत त्या खुणांचा अर्थ. यांपैकी एकच धारिका नव्या प्रणालीस सापडली, तर दुसरी निरुपयोगी होते.

मायस्पेलची मर्यादा अशी की, तो एका अक्षरास एकच बाइट मानणाऱ्या संकेतप्रणालींवर उभा होता. प्रत्ययबहुल हंगेरियन भाषेसाठी लास्लो नेमेथ यांनी त्याचाच विस्तार करून ‘हनस्पेल’ सिद्ध केला. यात युनिकोडची सोय आली आणि एकावर एक असे दोन प्रत्यय सोडविता येऊ लागले. ‘घरातूनच’, ‘घरासमोरचा’ अशी रूपे लीलया घडविणाऱ्या मराठीस या दोन्ही गोष्टींचे मोल किती, हे सांगणे नलगे. हंगेरियनच्या गरजेतून निघालेले साधन देवनागरीच्या कामी आले, ही या इतिहासातील लक्षणीय घटना होय.

(२) २००८ चे स्थित्यंतर

संकेतभंगाचा स्पष्ट नमुना २००८ साली आढळतो. त्या वर्षीच्या जूनमध्ये फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीने मायस्पेल सोडून हनस्पेल स्वीकारला. ऑक्टोबरमध्ये ओपनऑफिसची तिसरी आवृत्ती आली. हनस्पेल तिने २००६ मध्येच घेतला होता; आता बदलली ती कोशांच्या नोंदणीची पद्धत. तोवर कोणत्या भाषेचा कोश कोणत्या धारिकेत आहे, हे एका साध्या सूचीत लिहिलेले असे. यापुढे प्रत्येक कोश ‘विस्तार’ म्हणून बसवावयाचा होता. जुन्या कोशधारिका चकतीवर जशाच्या तशा होत्या, परंतु प्रणाली त्या सूचीकडे पाहीनाशी झाली. ग्रंथ फडताळात असावा आणि ग्रंथालयाची नोंदवही मात्र बदलावी, तसा हा प्रकार झाला.

वापरणाऱ्याने स्वतः शिकविलेल्या शब्दांची हानी याहून जिव्हारी लागणारी होती. व्यक्तिनामे, ग्रामनामे, परिभाषा असे वर्षानुवर्षे ‘कोशात घाला’ म्हणून साठविलेले शब्द वैयक्तिक धारिकेत असतात. नव्या आवृत्तीने आपली वैयक्तिक सामग्री वेगळ्या घडीत ठेवली. प्रथमारंभी जुनी सामग्री आणण्याची सूचना ज्याने स्वीकारली नाही, त्याचा तपासक पुन्हा निरक्षर झाला. वस्तुतः जुनी धारिका जुन्या घडीत शाबूत होती. ती उचलून नव्या ठिकाणी ठेवणे एवढाच उपाय होता.

(३) मराठीचा विशेष प्रश्न

याच वर्षाच्या एप्रिलमध्ये युनिकोडची ५.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तीत ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वी ते ‘अ’ आणि त्यावरील अर्धचंद्र अशा दोन संकेतांनी लिहीत. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, परंतु युनिकोड या दोहोंस समतुल्य मानीत नाही. परिणामी जुन्या पद्धतीच्या यादीतील ‘ॲलर्जी’ नव्या कळपाटाने लिहिलेल्या ‘ॲलर्जी’स ओळखीत नाही.

‘दऱ्या’ या शब्दातील रकाराचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. युनिकोडने त्यासाठी दोन मार्ग मान्य केले आहेत: भारतीय मानक इस्कीशी सुसंगत असा नुक्तायुक्त ‘ऱ’ आणि हलन्त, अथवा साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. यादी एका मार्गाने आणि लेखन दुसऱ्या मार्गाने झाले, तर शुद्ध शब्दाखाली रेघ येते. हनस्पेलच्या नियमांत ठराविक चिन्हांकडे दुर्लक्ष करण्याची सोय आहे; परंतु ते अदृश्य चिन्ह गाळले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. दोन्ही शब्द कोशात असल्याने तपासक मौन पाळतो आणि डोंगरातील दरीच्या ठिकाणी समुद्र येतो! खोट्या रेघेपेक्षा हे मौन अधिक घातक होय.

यापासून प्रमाणलेखनाचा प्रश्न निराळा ठेविला पाहिजे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. या नियमांनुसार रचलेला कोश जुन्या ग्रंथातील ‘कांहीं’, ‘नांव’ ही रूपे अशुद्ध ठरवील. तेथे संकेत मोडलेला नसतो. कोश आपल्या नियमांशी प्रामाणिकच असतो. जुन्या संहिता अभ्यासणाऱ्याने तपासकाच्या सांगण्यावरून अनुस्वार पुसले, तर तो दुरुस्ती करीत नसून पुरावा नष्ट करीत असतो.

(४) निष्कर्ष

या विवेचनावरून साहाय्याचा क्रम ठरतो. प्रथम कोश प्रणालीत नोंदविला आहे काय, हे पाहावे. नंतर मजकुरावर कोणत्या भाषेची खूण आहे, ते तपासावे. कारण लिपी एकच असल्याने मराठी मजकुरास हिंदीचा कोश लागू शकतो. तिसरी पायरी शब्दयादी आणि प्रत्ययनियम एकाच आवृत्तीचे असल्याची खात्री करण्याची, आणि अखेरची अक्षरसंकेतांची. साहाय्य मागणाऱ्यानेही केवळ ‘चालत नाही’ असे न म्हणता जुन्या-नव्या आवृत्तींचे क्रमांक आणि अडलेला एखादा शब्द जसाच्या तसा द्यावा. शब्दाचे चित्र पाठविल्यास आतील संकेत कळत नाहीत.

इंग्रजीचा कोश बिघडला तर तो सुधारणारे हात पुष्कळ आहेत. मराठीसारख्या भाषेचे मुक्त कोश मोजक्या स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभे असतात. यास्तव शब्दयादी साध्या मजकुराच्या रूपात, कोणते नियम व कोणते अक्षरसंकेत स्वीकारले याच्या टिपणासह, प्रणालीबाहेर जतन करणे हे भाषाविभागांचे कर्तव्य ठरते. प्रणाली बदलत राहणारच. ज्याची वाचनपद्धती लिहून ठेविली आहे, तो शब्दसंग्रह नव्या वाचकाच्याही हाती देता येतो.