अडॅप्टर जगाचा, पिन गावाची

१९९५ साली पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, मर्सिडीज-बेंझच्या मोटारी जुळू लागल्या. २००९ मध्ये चाकणला या कंपनीचा स्वतःचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी तेथे फोक्सवॅगनचाही कारखाना उघडला. या पट्ट्यातले अभियंते जर्मनीला जातात, तिकडचे इकडे येतात. प्रत्येकाच्या बॅगेत लॅपटॉपचा अडॅप्टर असतो. हा काळा ठोकळा दोन्ही देशांत चालतो, पण त्याची पिन भिंतीपाशी अडते. असे का व्हावे?

१८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कमध्ये सुमारे ११० व्होल्टची वीज पुरवायला सुरुवात केली. त्या काळच्या कार्बन तंतूच्या दिव्यांना तेवढा दाब मानवत असे. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ पासून २२० व्होल्ट स्वीकारले. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीसाठी विद्युतधारा निम्मी लागते, म्हणजे त्याच तारांवर जास्त ग्राहक सांभाळता येतात. पुढे युरोपात ५० हर्ट्झ आणि अमेरिकेत ६० हर्ट्झ रूढ झाले.

पिनांचे तर प्रत्येक देशाने आपापले पाहिले. आपली गोल तीन पिनांची पद्धत ब्रिटिशांची. ब्रिटनने १९४७ साली चौकोनी पिनांचे नवे मानक आणले. म्हणजे इंग्रज गेले त्याच साली त्यांनी गोल पिन सोडली. ती आपल्याकडे राहिली! १९८६ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने साऱ्या जगासाठी एक प्लग सुचवला. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका सोडल्यास त्याला फारसे कोणी विचारले नाही.

दाबाचा प्रश्न मात्र इलेक्ट्रॉनिक्सने सोडवला. जुन्या चार्जरमध्ये लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असे. आजचा अडॅप्टर आधी विजेला एकदिश करतो. मग ट्रान्झिस्टर ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. वारंवारिता इतकी वाढली की छोटासा ट्रान्सफॉर्मरही पुरतो. बाहेर पडणाऱ्या दाबावर लक्ष ठेवणारे मंडल चालू-बंदचे प्रमाण बदलत राहते. म्हणून आत १०० व्होल्ट येवोत वा २४०, बाहेर ठरलेलेच मिळतात. १९७७ च्या ॲपल-२ संगणकात हीच युक्ती होती.

मग उरली ती पिन, आणि धोका तिथेच आहे. आपल्या ५ अँपिअरच्या प्लगमध्ये दोन पिना सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या आणि अर्थिंगची पिन ७ मिलिमीटरची असते. ती लांबही असते, म्हणून आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. सॉकेटच्या आतली झडपही तीच उघडते. जर्मन प्लगमध्ये अर्थिंग कडेच्या पट्ट्यांतून जोडले जाते. तो आपल्या सॉकेटमध्ये घुसवायला लोक वरच्या भोकात पेन किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसतात. वीज मिळते, अर्थिंग मिळत नाही. लॅपटॉपच्या धातूच्या कवचाला हात लावताच मुंग्या येतात, त्या बहुधा यामुळेच. शिवाय जर्मन पिना किंचित बारीक असतात; सैल जोड तापतो आणि ठिणग्या उडतात.

उपाय सोपा आहे. भिंतीपासून ठोकळ्यापर्यंतची वायर बहुतेक अडॅप्टरमध्ये सुटी निघते आणि ठोकळ्याकडचे तिचे टोक जगभर ठरावीक नमुन्यांचे असते. म्हणून ज्या देशात जायचे तिथली, अर्थिंग असलेली वायर घ्यावी. बॅगेत भरताना ठोकळा गार झालेला असावा. वायर सैल गुंडाळावी. करकचून आवळली तर ती मुळाशी तुटते.

वर्गात एक जुना, भिंतीपासून काढलेला अडॅप्टर आणा. त्यावरची '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' ही अक्षरे मुलांना वाचू द्या. प्लगच्या पिना पट्टीने मोजायला लावा. मग विचारा: तिसरी पिन जाड आणि लांब का? उत्तर पाठ असण्यापेक्षा ते हातात धरून शोधलेले बरे.