एक पौंड धान्य

१७ ऑक्टोबर हा दारिद्र्य निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये त्याला मान्यता दिली. २००६ च्या ऑक्टोबरात गरिबीविरुद्ध 'उभे राहा' अशी हाक जगभर गेली आणि २४ तासांत सुमारे २ कोटी ३५ लाख माणसे उभी राहिली. गिनीज बुकात नोंदही झाली. पुढे एका वर्षी आम्हीही पनवेलमध्ये मुलांना रांगेत उभे करून शपथ घेतली. तेव्हा एका मित्राने विचारले, "सर, उभे राहून कुणाचे पोट भरले?"

प्रश्न रास्त आहे. पण उत्तरासाठी लांब जायला नको, पनवेलजवळचे शिरढोण पुरते.

शिरढोण म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांचे गाव. १८७६ साली फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. त्या वर्षी दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. त्याच सुमारास उत्तर चीन आणि ब्राझीलचा ईशान्य भागही होरपळत होता. आजचे शास्त्रज्ञ त्याचा संबंध एल निनोशी जोडतात. म्हणजे भुकेचे जागतिकीकरण आपल्या पिढीने पाहिले असे मुळीच नाही! लोक मरत होते आणि हिंदुस्थानातला गहू बोटीत भरून विलायतेला जातच होता. १८७७ मध्ये लंडनच्या मेयरने दुष्काळग्रस्तांसाठी निधी उभारला, तिथल्या सामान्य लोकांनी मनापासून पैसे दिले. गहू तिकडे, वर्गणी इकडे. असा तो व्यवहार.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने मात्र वर्गणीपलीकडचे काम केले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. कुठे पीक किती बुडाले, मजुरी किती मिळते, सगळे नीट मांडलेले. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी कमी केली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याचे मोल आणि वर एखादा आणा. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. हजारो मजुरांनी कामच सोडले. घरात दाणा नसताना मिळते ती रोजी नाकारायची, याला केवढी छाती लागत असेल! सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. सभेची माणसे आपल्याला नावाने ठाऊक आहेत. त्या मजुरांपैकी एकाचेही नाव मला सांगता येणार नाही, आणि मला तर या सगळ्यांत तेच थोर वाटतात.

फडक्यांनी हिंडून हा दुष्काळ डोळ्यांनी पाहिला आणि त्यांची वाट वेगळी झाली. रामोशी साथीदार जमवून १८७९ मध्ये त्यांनी दरोडे घातले. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी आपल्या पळस्प्यावर धाड घातली. होय, जिथे आपण एसटीची वाट बघत उभे राहतो तेच पळस्पे. परतताना दौलतराव मारले गेले. जुलैत फडके पकडले गेले. खटल्यात त्यांचे वकीलपत्र घ्यायला सार्वजनिक काकाच पुढे आले. अर्ज करणारा दरोडे घालणाऱ्यासाठी कोर्टात उभा राहिला, हे मला फार मोलाचे वाटते. १८८३ मध्ये फडके एडनच्या तुरुंगात वारले. आपण मुलांना 'आद्य क्रांतिकारक' शिकवतो आणि दुष्काळ एका ओळीत उरकतो.

हे सगळे मी मुलांना सांगितले, आणि शपथेनंतर आम्ही रेशनचे गणित मांडले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. ५ किलो भागिले ३० दिवस. एका मुलीने पाटीसारखी वही समोर धरून दाखवली : १६७ ग्रॅम. हे धान्य पूरक असते, पूर्ण जेवण नव्हे, हे मी सांगितलेच. मग तिने विचारले, आमच्या मागच्या कातकरी वाडीत कुणाकुणाकडे कार्ड आहे? पुढच्या रविवारी आम्ही तिथे वही घेऊन गेलो.